पुण्यातून नेलेलं जाड जॅकेट आणि मॉन्ट्रियलचा हिवाळा

ऑगस्ट आला की कॅनडाला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्याची तयारी त्यात मुद्देसूद दिलेली असते. सगळे गरम कपडे इथूनच घ्या, तिकडे परवडत नाहीत. जॅकेट जितकं जाड तितकं चांगलं, आत दोन सुती बनियन. पायात दोन-दोन मोजे. उणे वीसला जपा, शून्याच्या आसपास काही होत नाही. फारच गारठलात तर ब्रँडीचा घोट घ्या. गाडीला ऑल-सीझन टायर पुरतात, काचेवर बर्फ साचला तर गरम पाणी ओता. बाहेर पडताना हीटर बंद करा, बिल वाचतं.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा थंडी म्हणजे अंगावर सोसायची गोष्ट असं धरून चालतो. महाबळेश्वरात ते खपतं. मॉन्ट्रियलमध्ये माणसाला नडतात ते ओल, वारा आणि घसरडा रस्ता.

आधी ते जाड जॅकेट. जानेवारीत इथलं, म्हणजे मॉन्ट्रियलचं, सरासरी तापमान उणे १०च्या आसपास असतं, पण घरात आणि वर्गात २०-२१ अंश. मेट्रो रबरी टायरांवर धावते, म्हणून ती बर्फात आणायची नाही असं ठरवून पूर्ण जमिनीखाली बांधली आहे. ऐन हिवाळ्यातही खाली उबदार असतं. म्हणजे दिवसभर तुम्ही थंडीतून उबेत आणि उबेतून थंडीत ये-जा करता. एकच भलंमोठं जॅकेट आणि आत सुती बनियन असेल तर मेट्रोत घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि वर उणे १५मध्ये आलात की तेच ओलं बनियन अंगातली ऊब शोषून घेतं. उपाय थरांचा. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड) किंवा स्वेटर, आणि बाहेरून वारा-पाणी अडवणारा कोट. मावशीनं विणलेला स्वेटर खऱ्या लोकरीचा असेल तर तो खुशाल आणा, मधल्या थराला त्याच्यासारखं काही नाही. बाहेरच्या कोटाची नुसती जाडी बघू नका, तो वारा अडवतो का ते बघा. उणे १०ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २० जाणवतं. हा जाणवणारा आकडा उणे २८च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असा कॅनडाच्या हवामान खात्याचा इशारा आहे. म्हणून कोटाला टोपडं (हुड) असणं, गळा नीट बंद होणं आणि मांड्यांपर्यंत लांबी महत्त्वाची.

‘तिकडे परवडत नाही’ हे अर्धवट खरं आहे. नवा चांगला कोट महागच असतो. पण शहरात रेनेसाँससारखी जुन्या कपड्यांची दुकानं आहेत आणि इथल्या थंडीसाठीच बनलेले कोट तिथे मिळतात. आपल्याकडची बरीचशी जॅकेटं चार दिवसांच्या मनाली सहलीसाठी असतात. थर्मल आणि लोकरी मोजे मात्र घरूनच आणावेत, तेवढं मेसेजचं खरं. बूट अजिबात आणू नका, इथे येऊन पायात घालून बघून घ्या.

दोन-दोन मोज्यांचा सल्ला तर उलटाच. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की ऊब धरणारी हवा उरत नाही, रक्तप्रवाहही दबतो, आणि बोटं आधी गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा, आणि बोटं हलतील इतका सैल बूट.

ब्रँडीबद्दल एवढंच: दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब वाटते, शरीराच्या आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते.

‘शून्याला काही होत नाही’ हा या मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा मुद्दा. उणे २०ला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकरतो, पकड मिळते. शून्याच्या आसपास दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं. आणि कधी पाऊस जमिनीला टेकताक्षणी गोठतो. जानेवारी १९९८मध्ये असा पाऊस दिवसेंदिवस पडत राहिला, बर्फाच्या भारानं विजेचे मनोरे वाकून कोसळले आणि मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमध्ये दहा लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. फुटपाथवर मीठ टाकतात, पण कडाक्याच्या थंडीत मिठाचा उपयोग होत नाही, तेव्हा खडी पसरतात. बुटाला खाली लावायचे काटे मिळतात, ते बॅगेत असू द्या. लाज कसली, इथल्या आजीआजोबांकडेही असतात.

आता गाडी. ऑल-सीझन टायर ‘पुरतात’ की नाही हा प्रश्नच नाही, कारण क्यूबेकमध्ये नोंदवलेल्या मोटारींना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. कायद्यामागे कारणही साधं आहे: साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांबवर सरकत जाते. चारही चाकांना ताकद देणारी एसयूव्ही असली तरी तिचा उपयोग निघायला होतो, थांबायला नाही. टायर बदलून घ्यायला नोव्हेंबर अखेरीस गॅरेजांत झुंबड उडते, तेव्हा वेळ ऑक्टोबरातच ठरवा. काचेवर गरम पाणी ओतलंत तर काच तडकू शकते, आणि जे पाणी उरेल ते तिथेच गोठेल. खरवडणी वापरा. इंजिन चालू करायच्या आधी मागची धुराची नळी बर्फातून मोकळी करा. ती बुजलेली असली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला वासही नसतो.

हीटर पूर्ण बंद करून सुट्टीत भारतात गेलात तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटू शकतात. कमी करा, १५ अंशांवर ठेवा.

आणि मेसेजात नसलेली एक गोष्ट. मोठा हिमवर्षाव झाला की महापालिका रस्त्यावरचा बर्फ ट्रकांत भरून नेते. आधी केशरी पाट्या लागतात, त्यावर गाडी कधी हलवायची ती वेळ असते. पाट्या फ्रेंचमध्ये असतात. वेळ चुकली तर भोंगा वाजवत टो-ट्रक येतो आणि तुमची गाडी उचलून जवळच्याच दुसऱ्या गल्लीत ठेवतो. सकाळी गाडी जागेवर दिसली नाही तर चोरीची तक्रार करायला धावू नका, आधी महापालिकेच्या साइटवर नंबर टाकून बघा. गाडी कुठल्या गल्लीत आहे ते तिथे कळतं. दंड मात्र भरावा लागतो.