वकील असावा तर असा

आज आत्यासोबत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेले होते. हक्कसोडपत्र! भावांना सगळं शेत, हिला एक पैठणी. वकिलाने दस्त वाचूनसुद्धा दाखवला नाही. "मावशी, इथं अंगठा." आत्याला सही येते हो, चांगली वळणदार. विचारायचं तरी!

तेव्हापासून डोक्यात रिचर्ड पँकहर्स्ट घोळतोय. मँचेस्टरचा बॅरिस्टर. लोक त्याला बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या एमेलीन पँकहर्स्टचा नवरा म्हणूनच ओळखतात, तेही ओळखत असले तर. अरे, त्यांचं लग्न १८७९ चं! त्याच्या कितीतरी आधी, १८६८ मध्ये, हा माणूस कोर्टात सांगत होता की जुन्या कायद्यानुसार बायकांना मताचा हक्क आहेच. हरला. १८७० मध्ये त्याने बायकांच्या मताधिकाराच्या विधेयकाचा मसुदा लिहिला. तेही पडलं. तेव्हा इंग्लंडात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या हातात जायची. त्याविरुद्धही तो वर्षानुवर्षं राबला आणि १८८२ च्या कायद्याने ती अखेर तिची झाली. आपल्याकडे २००५ पासून मुलीला बरोबरीचा हिस्सा आहे, तरी आज आत्याचा अंगठा शाईने माखलेला.

आत्याने राजीखुशीने दिलं म्हणे. हो, दिलं. माहेर तुटायच्या भीतीला आपल्यात राजीखुशी म्हणतात. आणि तो वकील घड्याळ बघत होता!

पँकहर्स्टने काय कमावलं? १८८३ मध्ये मँचेस्टरमधून निवडणूक लढवली. हाउस ऑफ लॉर्ड्स बरखास्त करा, जमीन राष्ट्राच्या मालकीची करा, असलं सगळं उघड बोलून. सपाटून आपटला. पुढेही दोनदा उभा राहिला, दोन्हीदा पडला. मान्य, त्याच्या तत्त्वांपायी घरच्यांची ओढाताण झाली. पण लंडनला रसेल स्क्वेअरच्या त्याच्या घरी आपले दादाभाई नौरोजी यायचे, आणि मोठ्यांच्या त्या चर्चा त्याच्या मुली ऐकत वाढल्या. हे वाचलं की मला भरून येतं. आत्याला असं घर मिळालं असतं तर?

१८९८ मध्ये तो अचानक गेला. मागे कर्ज. एमेलीनने जन्ममृत्यू निबंधकाची नोकरी धरली. थोरली क्रिस्टाबेल बापासारखीच कायदा शिकली, १९०६ मध्ये पहिल्या वर्गात पास झाली, आणि बाई म्हणून तिला वकिली करता आली नाही. ते दार उघडायला १९१९ उजाडावं लागलं.

लॉ कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, या माणसावर एक तास घ्याच. आणि दस्त वाचून दाखवायला शिकवा पोरांना.