आठ पौंड आणि नऊ पौंड

आज आमच्या कार्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झाले आणि मग साहेबांनी ‘निष्ठा’ या विषयावर वीस मिनिटे भाषण ठोकले. ते ऐकताना माझा असा संताप झाला की हातातला बटाटेवडा तसाच ठेवून मी बाहेर पडलो, आणि घरी येईपर्यंत मला जुन्या काळचा स्कॉटिश फुटबॉलपटू जिमी मॅकग्रोरी आठवत राहिला.

ग्लासगोतल्या गार्नगॅड या गरीब वस्तीत १९०४ साली जन्मलेला हा बुटका, रुंद खांद्यांचा सेंटर फॉरवर्ड. ग्लासगोच्याच सेल्टिक क्लबसाठी ४४५ सामन्यांत ४६८ गोल, त्यांतले कितीतरी डोक्याने. जानेवारी १९२८ मध्ये डनफर्मलिनविरुद्ध त्याने एकट्याने आठ गोल केले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात क्लब त्याला विकायला निघाला, कारण मैदानावर नवा स्टँड बांधायचा होता. व्यवस्थापक विली मेली यांच्यासोबत तो फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळाच्या यात्रेला निघाला असता वाटेत लंडनला तिथल्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन त्याला विकत घ्यायला हजर! मॅकग्रोरीने नकार दिला. परतीच्या वाटेवर पुन्हा गाठले, तेव्हाही दिला.

या निष्ठेचे बक्षीस काय, तर संघातल्या इतरांना आठवड्याला नऊ पौंड मिळत असताना त्याला आठ, आणि तेही त्याला न सांगता. हे त्याला फार उशिरा कळले.

माझे वडील एका छापखान्यात जुळारी होते. त्यांनाही असेच कळले. नोकरीच्या एकविसाव्या वर्षी मालकाच्या टेबलावर उघडे राहिलेले पगारपत्रक नजरेस पडले, आणि त्यांच्या हाताखाली खिळे जुळवायला शिकलेल्या माणसाच्या नावापुढे त्यांच्याहून चाळीस रुपये जास्त होते. त्या रात्री ते नुसता आमटीभात जेवले, एवढेच मला आठवते.

कोणी म्हणेल, ग्लासगोतल्या क्लाइड नदीच्या काठावरचे कामगार बेकार बसलेले असताना आठवड्याला आठ पौंड म्हणजे चैनच होती. असेल, मान्य. पण प्रश्न आठचा नसून लपवलेल्या नवव्याचा आहे. ज्याच्या गोलांवर तिकिटे खपतात त्याचाच पौंड कापायचा आणि वर निष्ठेची आरती ओवाळायची, हा निव्वळ कोडगेपणा आहे. शाल-श्रीफळ देणाऱ्यांनी आधी पगारपत्रक उघडे ठेवावे.

स्कॉटलंडनेही त्याला काय दिले? त्याच जागेवर खेळणारा ह्यूई गॅलाकर होता, हे खरे; तरी देशाकडून अवघे सात सामने म्हणजे थट्टाच.

इतके लिहून झाल्यावर मात्र राग जरा ओसरला आहे, कारण एक गोष्ट मला टाळता येत नाही. खेळ संपवून किल्मार्नॉक या दुसऱ्या क्लबकडे गेलेला मॅकग्रोरी १९४५ मध्ये व्यवस्थापक म्हणून पुन्हा सेल्टिकमध्येच आला आणि वीस वर्षे राहिला. त्याला भोळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वडिलांना मी एकदा रागानेच विचारले होते, “अण्णा, तेव्हाच सोडलं का नाही?” ते म्हणाले, “अरे, दुसरीकडची खिळ्यांची केस हाताला लागायला वर्ष गेलं असतं.” आणि बोलता बोलता त्यांची बोटे ताटाशेजारच्या मोकळ्या जागेत, न बघता, एकेका खणावरून फिरत होती.