दिसला का?

नांदूर मध्यमेश्वरला मला पक्षी दिसत नाहीत असं नाही. भरपूर दिसतात. पण मला जे दिसतात त्यांना आमच्या साडूंच्या वहीत किंमत नसते.

गोदावरी-कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यात गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांचं फावलं. २०२० साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तेव्हापासून मला थंडीत पहाटे अंथरुणातून ओढून काढण्याचा साडूंना जणू परवानाच मिळालाय.

चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो तर समोरच जांभळी पाणकोंबडी. लालभडक चोच, लाल कपाळ. लांबलचक बोटांच्या पंज्यात पाणकणसाचा दांडा धरून, आपण ऊस सोलतो तशी सोलत होती. मी हरखून बोट दाखवलं.

"ती होय? ढिगाने आहेत," साडू म्हणाले. कपाळाला पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी तर बघायचे नसतातच म्हणे. नुसते मोजायचे.

किमती माल सगळा गवतात. "ती बाभूळ दिसते का? तिच्या डावीकडे गवत. त्यात एक काडी वाकलीये, तिच्या बुडाशी." समोर एकरभर गवत, आणि झाडून सगळ्या काड्या वाकलेल्या. त्या मातकट गवतात मातकट तिरचिमणी. दुर्बीण लावली की मला माझ्याच पापण्या दिसतात. इकडे साडू आणि त्यांचे दोन मित्र, ती नेमकी कुठली तिरचिमणी यावर मागच्या नखाच्या लांबीवरून हमरीतुमरीवर आलेले. तीही कुजबुजत. मला अख्खा पक्षी सापडेना आणि हे नख मोजतायत!

"साडूभाऊ, दिसली का?"

'नाही' म्हणायची सोय नाही. म्हटलं की पुन्हा बाभळीपासून सुरुवात.

तेवढ्यात वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला. वारकरी पाण्यावर पाय आपटत, धडपडत पळत सुटले.

"उडाली!" तिघे एकदम ओरडले.

"हो, हो, उडाली," मी म्हणालो. साडूंनी कौतुकाने तिरचिमणी माझ्या नावावर मांडली.

परतताना मिसळीवर पुढचा बेत ठरला: सोलापूरजवळचं नान्नज, माळढोक. "मीटरभर उंच पक्षी, साडूभाऊ! पण हल्ली मोठमोठ्यांनाही दर्शन होत नाही."

मी ताबडतोब हो म्हणून टाकलं. निदान तिथे तरी आम्ही सगळे बरोबरीत असू.