मिलिटरी आणा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून नेहमीचं भांडण झालं आणि एक शिकलेले, निवृत्त गृहस्थ म्हणाले, "दहा वर्षं हा देश मिलिटरीच्या हातात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

अहो, पलीकडे पाकिस्तानात बघा की! शारजाच्या वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या लेथवर सिंधमधल्या दादू जिल्ह्याचा एक जण होता. मला 'अदा', म्हणजे सिंधीत भाऊ, म्हणून हाक मारायचा. त्याचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ५ जुलै १९७७ ला जनरल झियांनी सत्ता घेतली, तेव्हा त्याच्या सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापारी मामांनी मिठाई वाटली होती. आता शिस्त येणार म्हणून! नव्वद दिवसांत निवडणुका घेतो, असं झियांनी देशाला सांगितलं होतं. १७ ऑगस्ट १९८८ ला बहावलपूरजवळ त्यांचं विमान कोसळलं, तोवर खुर्ची सुटली नाही.

झियांनी हटवलेले पंतप्रधान भुट्टो काही संत नव्हते, सत्याहत्तरच्या निवडणुकीत घोळ झाला होता, मान्य. म्हणून त्यांना फाशी? आणि मास्तरांनी काय केलं होतं?

१९८३ मध्ये लोकशाही परत आणा म्हणून सिंध पेटला. दादू, मोरो, खैरपूर नाथन शाह, सगळीकडे लोक रस्त्यावर. मास्तर एका मोर्च्यात चालले, बस. उचलून नेलं. लष्करी न्यायालय, वकील नाही, अपील नाही, घटकाभरात निकाल. एक वर्ष कैद आणि फटके. पन्नाशीच्या शिक्षकाला फटके! त्याआधी १९७८ मध्ये पत्रकारांनाही फटके मारले होतेच. आणि ही म्हणे शिस्त.

हे सांगताना तो मशीन बंद करायचा. वडील सुटून आले, पण वर्गात पुन्हा पूर्वीसारखे बोलले नाहीत, म्हणायचा. मिठाई वाटणारे मामा त्यांच्यासमोर यायचं टाळत.

झियांच्या आधीचे लष्करशहा अयुबखान, त्यांच्या काळात कारखाने आले, धरणं झाली, हो, झाली. पण त्याच लष्करी राजवटीच्या दुसऱ्या जनरलच्या हाताखाली १९७१ मध्ये अर्धा देश गेला ना? १९९९ मध्ये मुशर्रफ आले, तेव्हाही लाहोरात मिठाई वाटली गेली. आजवर तिथला एकही पंतप्रधान पाच वर्षं पूर्ण करू शकलेला नाही. लष्कर खुर्चीवरून उठलं तरी मागून दोऱ्या त्याच्याच हातात. झियांनी घटनेत कलम ५८(२)(ब) घुसवलं, राष्ट्रपतीला संसद बरखास्त करायची मुभा देणारं. १९८८ ते १९९६ मध्ये चार सरकारं त्यानेच पडली. आणि आता २०२५ च्या सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने फील्ड मार्शलना आयुष्यभर खटल्यापासून संरक्षण!

त्या गृहस्थांची चीड मला कळते हो. एका दाखल्यासाठी खेटे घालून माणूस वैतागतो, मीही वैतागतो. पण नगरसेवकाला आपण दारात उभं करून जाब विचारतो, पाच वर्षांनी घरी बसवतो. मास्तरांनी कुणाला विचारायचं होतं? आपले सैनिक सीमेवर आहेत, सरकारचं ऐकतात, म्हणून मला त्यांचा अभिमान आहे. त्यांना पार्किंगची भांडणं सोडवायला बोलावू नका.

मार्च २०२४ मध्ये पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भुट्टोंचा खटला न्याय्य नव्हता. फाशीनंतर जवळजवळ ४५ वर्षांनी. भुट्टो मोठे होते, निदान त्यांची फाइल उघडली. मास्तरांसारख्यांचं काय? झियांच्या १९८१ च्या हुकुमाने लष्करी न्यायालयांच्या निकालात लक्ष घालायला हायकोर्टांनाच बंदी होती, आणि १९८५ च्या आठव्या घटनादुरुस्तीने त्या सगळ्या निकालांवर कायद्याचा शिक्का मारला. त्या मास्तरांचा गुन्हा अजून गुन्हाच आहे.