अण्णांच्या अंगठ्यात काय कमी होते?

आज दुपारी ऑफिसातल्या एका मुलीने आमच्या गप्पांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला आणि तो पाहिल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. आईला अचानक दवाखान्यात दाखल करावे लागल्यामुळे तिने काल सकाळी विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांना, म्हणजे आम्ही ज्यांना अण्णा म्हणतो त्यांना, रजेचा सविस्तर निरोप पाठवला होता, आणि अण्णांनी उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. खाली तिने लिहिले होते, ‘माणुसकी संपली.’ पाठोपाठ कवट्या आणि धाय मोकलून रडणारे चेहरे यांची रांग लागली. हल्ली या दोन्हींचा अर्थ एकच होतो, हसून हसून जीव गेला. अण्णा त्या ग्रुपवर नाहीत, म्हणून हे सगळे त्यांच्या पाठीमागे चालले होते.

तो निरोप आला तेव्हा मी त्यांच्या समोरच्याच टेबलावर होतो. त्यांनी चष्मा चढवून तो दोनदा वाचला, अंगठा पाठवला, मोबाइल उपडा ठेवला आणि काही न बोलता त्या मुलीच्या टेबलावरच्या महिनाअखेरीच्या फायली उचलून स्वतःच्या टेबलावर आणल्या. साहेबांना तिची रजा कळवली, हजेरीपटावर नोंद केली आणि ऑफिस सुटल्यावरही ते फायली उपसत बसून राहिले. ‘मजकूर पोहोचला, इकडची काळजी करू नकोस,’ एवढे सगळे त्यांनी त्या एका अंगठ्यात घातले होते, कारण मराठी कळफलकावर एकेक अक्षर शोधण्यापेक्षा कामाला लागणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

या चिन्हांचे अर्थ बदलतात याबद्दल माझी तक्रार नाही. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रे तयार केली, ती प्रत्येकी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेली होती. आणि २०१० मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या अक्षर-चिन्हांच्या जागतिक प्रमाणाने, इमोजी स्वीकारल्यावर ती जगभरच्या फोनांवर पोहोचली. युनिकोड चिन्हाला क्रमांक देते, नाव देते, पण माणसे ते कशासाठी वापरतील हे ठरवू शकत नाही. ज्या हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याला ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून गौरवले, तोच आजच्या कॉलेजातल्या मुलांना म्हाताऱ्यांचा वाटतो. जोडलेले हात जपानमध्ये आभाराचे आणि विनंतीचे, आपल्याकडे ते सकाळी सुप्रभातखाली नमस्कार असतात, दुपारी श्रद्धांजली आणि रात्री वाद आवरता घेण्याची खूण. अंगठ्याचे तर काय सांगावे! आमच्या लहानपणी कुणी ठेंगा दाखवला की मारामारी व्हायची, आणि तोच अंगठा पुढे होकार झाला.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात याच अंगठ्यावरून खटला चालला. धान्य खरेदी करणाऱ्याने जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने अंगठा धाडला, आणि माल न दिल्यावर ‘मी फक्त पोच दिली होती’ असे सांगितले. न्यायालयाने २०२३ मध्ये तो अंगठा सहीइतकाच ग्राह्य धरला आणि शेतकऱ्याला ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरायला लावले. तिथेही न्यायाधीशांनी त्या दोघांमधले आधीचे व्यवहार कसे होत आले होते हे पाहिले, आणि मला म्हणायचे आहे ते नेमके हेच. चिन्ह कुणी पाठवले, तो माणूस एरवी कसा वागतो, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावायचा नसतो. अण्णांना ओळखणाऱ्या माणसांनी ते पाहायला नको होते का?

आई दवाखान्यात असताना कोरडा अंगठा टोचतो, दोन शब्द लिहिले असते तर बरे झाले असते, हे मान्य. त्या मुलीवर माझा खरे म्हणजे रागही नाही. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारे माणूस फोनमध्ये आधार शोधत असते, आणि तिच्या पिढीत अंगठा हा तुटकपणाच समजला जातो. तिला लागले ते खरेच लागले. आज संध्याकाळी मी तिला फोन केला. आई आता बरी आहे. फायलींचे मी सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली.

माझा राग आहे तो कवट्या टाकणाऱ्यांवर. त्यांना दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. घरी आजोबांनी अंगठा पाठवला की त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळतो, आणि ऑफिसातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र तो मुद्दाम कळेनासा होतो. ज्याला दोन्ही बोल्या येतात त्याने समजून घ्यायचे असते. नवा अर्थ माहीत नसणे हा काही गुन्हा नाही.

आता ग्रुपवर सूचना आली आहे की रजेच्या निरोपाला चिन्हाने उत्तर देऊ नये असा नियमच विभागाने करावा. सोमवारच्या बैठकीत तो विषय निघाला तर मी उभा राहून विरोध करणार आहे, आणि अण्णांचे नाव दिसणारा तो स्क्रीनशॉट आधी काढून टाका असेही सर्वांसमोर सांगणार आहे.