बंधारा संपतो तिथे कोणाचं घर आहे?

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. “अगं, घरटी पाच हजार जमवतायत. ट्रकने दगड आणून पुळणीवर टाकायचे म्हणे. तो मेसेज वाचलास ना?”

वाचला होता, तीन-तीन ग्रुपवर. ‘कोकणचा किनारा खचतोय ही अफवा’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. समुद्र नेतो ते परत आणून देतोच. जांभा आणि कातळ झिजत नाही. खाडीतली वाळू म्हणजे गाळ, काढावी तेवढी बरी. समुद्रात दगडी बांधकाम केलं की किनारा वाढतो, चेन्नईचा मरीना बघा. आणि शेवटी, जिथे थोडीफार धूप आहे त्या गावाने दगड टाकून बंधारा घालावा, कायमची चिंता मिटते. मावशीचं घर पुळणीपासून शंभर पावलांवर आहे आणि पाच हजार ही तिच्यासाठी लहान रक्कम नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करते. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीची वाळू खरवडून नेतात आणि पुढे उथळ पाण्यात तिचा दांडा रचतात. पाऊस सरून समुद्र निवला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू वर ढकलतात. श्रावणात मावशीकडे गेलं की सुरूच्या झाडांपासून खाली पुळणीवर उडी मारावी लागते. मे महिन्यात तिथेच मऊ उतार असतो. पण लाट बहुतेक वेळा किनाऱ्याला तिरकी येते आणि पाणी उतारावरून सरळ खाली जातं. त्यामुळे प्रत्येक लाटेगणिक वाळू थोडी बाजूला सरकते. नेलेली वाळू तुमच्याच दारात परत येईल, असं कुणी सांगितलं? बाजूला गेलेल्या वाळूची भरपाई मागून येणाऱ्या वाळूने व्हावी लागते.

ती मागची वाळू कुठली? शंखशिंपल्यांचा चुरा आणि नद्यांनी वरून आणलेला झिजलेला दगड, म्हणजे मेसेज ज्याला ‘गाळ’ म्हणतो तोच. चिखल असता तर तो बांधकामासाठी कुणी विकत घेतला नसता. सक्शन पंप लावून खाडीच्या तोंडाशी उपसलेली वाळू पुळणीपर्यंत पोचतच नाही. धरणांमागे अडकते ती वेगळीच.

कातळ झिजत नाही म्हणणाऱ्याने हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीला चालून यावं. पोळ्यासारखी जाळी पडलेला तो खडक खाऱ्या तुषारांनी कोरलाय: पाणी सुकतं, फटींत मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचा एकेक कण सुटतो. जांभ्याच्या कड्याखाली मऊ मातीचा थर असेल तर लाटा तो पोखरतात आणि वरचा जांभा ढेकळांनी कोसळतो. झीज सावकाश होते, इतकंच.

मरीनाचं उदाहरण तर मेसेजच्याच विरुद्ध जातं. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा एकूण प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. 1870 च्या दशकात चेन्नईच्या बंदराचं काम सुरू झालं, समुद्रात भिंती गेल्या, आणि वाळू दक्षिणेला अडून मरीना रुंदावला. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूने किनारा खात गेला, ते मेसेजमध्ये नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी पुदुच्चेरीला बंदराच्या भिंती झाल्यावर हेच घडलं: शहरासमोरची पुळण गेली आणि दगडांचे ढीग उरले. एकाचा किनारा वाढला तो शेजाऱ्याच्या वाळूवर.

आता बंधारा, कारण पैसे त्यासाठीच मागतायत. पुळणीवर लाट कशी मरते ते एकदा उभं राहून बघा. उतार चढता चढता तिचा जोर संपतो, थोडं पाणी वाळूत जिरतं आणि खाली जाणारी धार मवाळ होते. दगडाच्या उभ्या भिंतीवर यातलं काही होत नाही. लाट आपटते, जोर घेऊन मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसते. पायथा पोकळ झाला की दगड खचतात, मग त्यावर नवे दगड, पुन्हा वर्गणी. दरम्यान समोरची पुळण अरुंद होत जाते. रापणीचं जाळं कुठे ओढणार? होड्या कुठे चढवणार? सर्वांत वाईट म्हणजे भिंत जिथे संपते ते टोक. तिथे लाटा वळून मोकळ्या जमिनीत शिरतात आणि शेजारचं आगर कापतात. म्हणजे धूप थांबली नाही, पुढच्या घराला दिली.

रस्ता किंवा घरं अगदी लाटेच्या तोंडाशी आली असतील तर बंधाऱ्याशिवाय इलाज नसतो, हे मलाही कळतं. पण तो पायथ्यासकट, टोकांसकट अभ्यास करून आखावा लागतो. मावशीच्या दारात तशी वेळ आलेली नाही. तिथे मर्यादवेल आहे, केवडा आहे. वाळू धरून ठेवणारी ही झाडं उपटूनच दगडांच्या ट्रकला वाट करणार आहेत.

चेन्नईच्या राष्ट्रीय तटवर्ती संशोधन केंद्राने 1990 ते 2018 चे उपग्रहनकाशे तपासले. महाराष्ट्राचा 25.5 टक्के किनारा मागे हटतोय, 64.6 टक्के स्थिर आहे आणि 10 टक्के वाढतोय. म्हणजे सगळं कोकण खचतंय ही ओरड चूक, आणि अफवा म्हणून हात झटकणंही चूक. प्रत्येक गावाची गोष्ट वेगळी, मग सगळ्यांना एकच दगड कसा चालेल?

मावशीला सांगितलंय, वर्गणी मागायला आले की एवढंच विचार: बंधारा कुठे संपणार, आणि त्याच्या पुढचं पहिलं घर कोणाचं? गुरुवारी तिचा फोन आला. तिने विचारलं होतं. पुढचं घर तिच्या जावेचं आहे.