एआयवर जागतिक परिषद भरवताय?

एआयला साऱ्या जगाने मिळून वेसण घालावी, असं तुम्हाला मनापासून वाटतंय ना? मग आधी जागा बघा. जागेला इतिहास हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने ब्लेचली पार्क गाठलं. महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश जिथे फोडले, तिथे अमेरिका आणि चीनसकट २८ देशांनी एकाच जाहीरनाम्याला होकार दिला. फोटो सुंदर आले.

मसुदा लिहिताना क्रियापदं जपा. ‘करू’ लिहिलंत की फसलात. ‘दखल घेतो’, ‘महत्त्व अधोरेखित करतो’ यावर कुठलंही सरकार डोळे मिटून सही ठोकतं. तारीख, दंड आणि तपासनीस यांना मसुद्याच्या आसपासही फिरकू देऊ नका.

कंपन्यांनाही मानाने बोलवा. मे २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या परिषदेत १६ कंपन्यांनी स्वखुशीने शब्द दिला : धोका हद्दीबाहेर गेला आणि आवरता आला नाही, तर ते मॉडेल बनवणारच नाही. हद्द कुठली? ती ज्याची त्याने ठरवायची. रिक्षावाल्याने मीटर घरीच बनवून आणावा, तसं. सरकारांचं मत विचारात घेऊ म्हणालेत, हा त्यांचा मोठेपणा.

पाहुणे कंटाळू नयेत म्हणून दर परिषदेला पाटी बदलत राहा. ब्लेचलीला ‘सुरक्षितता’ होती, पॅरिसला ‘कृती’, दिल्लीला ‘प्रभाव’. ब्रिटन आणि अमेरिकेने तर आपापल्या एआय सुरक्षा संस्थांच्या नावातूनही २०२५ मध्ये ‘सेफ्टी’ पुसून टाकली.

सगळ्यांनी सही केलीच पाहिजे, असा हट्ट मात्र नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला यजमान मॅक्रॉं, सहअध्यक्ष मोदी आणि कुणालाही न बांधणारा मसुदा, असा सगळा जामानिमा होता. चीनने सही केली, भारताने केली. अमेरिकेने केली नाही. आणि ज्याने पहिली पंगत मांडली होती, त्या ब्रिटननेही नाही.

एखादा उत्साही मध्येच खराखुरा कायदा करून बसतो. युरोपीय संघाने केला. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. दचकू नका. लष्करी वापर त्यातून आधीच वगळलाय. आणि जास्त जोखमीच्या यंत्रणांवरचे जे नियम ऑगस्ट २०२६ पासून लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच मांडला.

एवढं होऊनही पत्रकारांनी विचारलंच, ‘यातलं कुणी पाळलं नाही तर?’, तर घाईघाईने पुढच्या यजमानाचं नाव जाहीर करा आणि चहाकडे वळा.